लटारीची बोहनी

लटारीनं गावाहून पाठवलेले शिंगाडे अजून संपले नव्हते. उकडलेले, काळेभोर, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले. आरमोरीकडच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं ते आणून दिले होते आणि सोबत निरोप होता, 'मंडई झाली का येतो, चुलीले लाकडं पाहून ठेव.' मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा. मी लाकडंही पाहून ठेवली. आणि काही दिवसांनी तोच ड्रायव्हर माझ्या दुकानासमोर मोटार उभी करून खाली उतरला. एरवी हा माणूस कधी उतरत नाही, भोंगा वाजवून वरूनच बोलतो. मी कोळशाच्या खाणीतल्या एका माणसाच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "पुंडलिकभाऊ, पंप ठेवा खाली." मी म्हटलं, "थांब जरा, गिऱ्हाईक खोळंबलं आहे." तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "लटारीभाऊ गेला. ताप डोक्यात चढला. नदीपल्याडून डॉक्टर आणेपर्यंत..." मी चाक पुरतं भरलं, वाल्वला थुंकी लावून पाहिली, टोपी बसवली. खाणीतला माणूस सायकल घेऊन गेला आणि मग पुढं काय करायचं ते मला समजेना.

मी सायकलवाला. पंक्चर काढणं, वाकडं फिरणाऱ्या चाकाचा आऊट काढणं, हवा भरणं हे माझं काम. लेखणी माझ्या हातात शोभत नाही. पण लटारीवर दुसरं कोण लिहिणार? त्याची शोकसभा झाली नाही, होण्यासारखा तो माणूसही नव्हता. चांद्याला जटपुरा दरवाजाबाहेर रस्त्याच्या या बाजूला माझं दुकान आणि त्या बाजूला त्याचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे, पुढं दोन बाकडी आणि मागं एक खोली, तिच्यात तो आणि पार्वतावहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. मी वर्ध्याकडचा. बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, तेव्हा ते घर डोळ्यांसमोर नको म्हणून ज्या गावी ओळखीचं कुत्रं नाही अशा गावी आलो. तसं गाव मला बरोबर मिळालं.

दुकान उघडलं त्या दिवशी पंप, सोल्युशनची ट्यूब, पाण्याचं घमेलं असं सगळं मांडून मी सकाळपासून बसलो होतो. दुपार झाली तरी कोणी फिरकलं नाही. समोरच्या हॉटेलातला रुंद छातीचा, काळासावळा माणूस मधूनमधून माझ्याकडं पाहायचा आणि भजी तळायला लागायचा. शेवटी तो एक सायकल हातानं धरून रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "हवा भर." मी चाक दाबून पाहिलं, दगडासारखं टणक. म्हटलं, "हवा तर आहे." "असंन. अजून भर थोडीशी." "ट्यूब फुटेल." "मंग थोडी काढ आन् थेवढीच भर. बोहनी आहे बाप्पा, नाई म्हणू नोको." पुण्या-मुंबईकडं जिला भवानी म्हणतात तीच ही बोहनी, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. मी थोडी हवा काढली, तेवढीच भरली. त्यानं माझ्या हातावर एक भोकाचा पैसा ठेवला, मी तो कपाळाला लावला. "आता चाय प्याले ये," तो म्हणाला. खिशात दुसरं काही नव्हतं, म्हणून मी चहा पिऊन तोच पैसा त्याच्या हातावर ठेवला. त्यानंही तो कपाळाला लावला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याकडं बरीच गिऱ्हाइकं आली आणि त्याचे वडेही रोजच्यापेक्षा लवकर संपले. झालं. लटारीनं ठरवून टाकलं की आपल्या दोघांचा हातगुण एकमेकाला लाभतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवून तो सायकल घेऊन हजर. आधी त्याच्या हातून माझी बोहनी, मग माझ्या हातून त्याची. पैसा तोच. भोकातून त्यानं लाल दोरा ओवला होता, दुसऱ्या पैशांत मिसळू नये म्हणून. हवेचा भाव काय, चहाचा भाव काय, तो प्रश्नच नव्हता. बोहनीला भाव करत नाहीत. शेजारचा किराणावाला आम्हाला हसायचा. म्हणायचा, "तुमी दोघं एकमेकायले फसवून राह्यले." लटारी म्हणायचा, "फसवून राह्यलो न, पण सकाळी सकाळीच. मंग दिवसभर इमानदारीत."

आणि गंमत अशी की या माणसाला सायकल येत नव्हती. ती त्याला एका लाकडाच्या ठेकेदारानं चांदा सोडून जाताना देऊन टाकली होती. मी त्याला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मैदानात न्यायचो, सीट धरून मागं पळायचो. पाण्यात मासोळीवाणी सळसळणारा हा माणूस सीटवर बसला की नुसता ओंडका व्हायचा. एकदा मी हात सोडला तर सरळ बोरीच्या झुडपात गेला. काटे काढता काढता म्हणाला, "हे जनावर मायं ऐकत नाई, पुंडलिका. याले हातानंच चालवू." तेव्हापासून ती सायकल फक्त रस्ता ओलांडायची. सकाळी इकडं, मग तिकडं. रोज फडक्यानं पुसलेली, घंटी चकचकीत. रस्त्यातला कोणी म्हणाला, "बसा न लटारीभाऊ," तर सांगायचा, "मले पाय आहेत."

त्याचं गाव आरमोरीजवळ, तळ्याच्या काठाला. घरचा धंदा मासोळ्या धरायचा आणि तळ्यात शिंगाडे लावायचा. लहानपणापासून बुड्या मारून मारून त्याची छाती भात्यासारखी झाली होती. त्याचा फायदा आमच्या हुतुतूच्या संघाला झाला. मोटार स्टँडवरची, गिरणीतली, खाणीतली पोरं मिळून आमचा संघ होता आणि मी त्यांचं पाणी आणि कपडे सांभाळायचो. लटारी चढाईला गेला की त्याचा दम संपतच नसे. समोरचे बिचारे त्याच्या तोंडाकडं पाहत मागं मागं सरकायचे. असं करता करता आम्ही एकदा नागपूरला सामन्याला गेलो. तेव्हा नागपूर राजधानी होतं आणि त्याचा तोराही तसाच होता. चुन्यानं आखलेलं मैदान, शिट्टीवाले पंच, खुर्च्यांवर बसलेली माणसं. शेवटच्या चढाईला लटारी गेला. त्यानं एकाला बाद केलं, तो माणूस तोंडावर पडला. लटारीला आता फक्त मागं फिरून रेघ ओलांडायची होती, की सामना आमचा. पण तो थांबला. वाकला. हुतुतू बंद करून म्हणाला, "लागलं का गा?" बस. चौघांनी त्याला तिथंच दाबला, शिट्टी वाजली, आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत संघातलं कोणी त्याच्याशी बोललं नाही. तो खिडकीशी बसला होता. शेवटी मीच म्हटलं, "अरे, दम सोडून विचारायचं का?" तर माझ्याकडं आश्चर्यानं पाहून म्हणतो, "थो तोंडावर पडला न बाप्पा. आन् दम सोडल्याबिगर विचारता कसं येईन?" तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, चांद्यात आलो तेव्हा मीही तोंडावरच पडलेला होतो आणि विचारायला तोच एकटा रस्ता ओलांडून आला होता.

त्या नागपूरच्या फेरीचं खूळ मात्र त्याच्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. सीताबर्डीवर आम्ही एका हॉटेलात चहा प्यायलो होतो. फरशीची टेबलं, खुर्च्या, आणि आपण शेवटचा घोट घेतो न घेतो तोच पोऱ्या कप उचलून फडकं मारतो. खुर्चीच्या मागं दुसरं गिऱ्हाईक उभंच. लटारी भारावून गेला. "पाह्य, धंदा असा राह्यते." चांद्याला आल्यावर त्यानं बाकडी मागं टाकली, चार खुर्च्या आणल्या, फरशीची टेबलं मांडली आणि माझ्याकडून सायकलच्या काळ्या रंगानं पाटी लिहून घेतली, 'विनाकारण बसू नये'. बाजाराचा दिवस आला. खेड्यांतून माणसं आली, खुर्च्या पाहून दारातच थबकली, वहाणा रस्त्यावर काढल्या आणि आत जाऊन भिंतीशी खाली बसली. कोणी साहेब यायचे असतील, त्यांच्यासाठी खुर्च्या असतील, असं त्यांना वाटलं. खुर्च्या दिवसभर रिकाम्या. त्यात एक म्हातारी मोटारीची वाट पाहत उन्हात उभी होती, तिला हा स्वतःच हाक मारून म्हणतो, "काऊन उभी आहे बाई, ये, बस इथी." मी पाटीकडं बोट दाखवलं. म्हणाला, "तिले वाचता नाई येत."

दोन-चार बाजार असे गेल्यावर बाकडी परत आली. पाटीची मागची बाजू घासून तिच्यावर पार्वतावहिनी वडे निथळत ठेवायला लागल्या. मी चिडवलं, "काय मालक, नागपूरचा धंदा संपला?" तर तो गंभीर होऊन म्हणाला, "पुंडलिका, तिथी माणसाले ठेवाले जागा नाई, म्हणून थे हाकलतेत. आपल्या इथी माणसंच कमी. याले आज हाकललं, त उद्या आपल्यापाशी कोण येईन?" धंद्याबद्दल त्यानं मला सांगितलेलं एवढंच. पण मी ते मानलं. माझ्या दुकानापुढंही मी एक बाकडं टाकलं. पंक्चर काढायला वेळ लागतो, माणूस बसतो, बोलतो. त्या बाकड्यामुळं माझं दुकान चाललं असं मी म्हणेन.

रात्रीचं जेवण माझं त्यांच्याकडंच असे. लटारीच्या घरी भात. सकाळी भात, संध्याकाळी भात, सोबत मासोळीचा रस्सा, पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी, नाहीतर रानातल्या सात्या, ज्यांना तुम्ही अळंबी म्हणता. मी ज्वारीच्या मुलखातला. भातानं मला जेवल्यासारखं वाटायचं नाही, तासाभरात भूक लागायची. हे मी कधी बोललो असेन ते लक्षात ठेवून वहिनींनी ज्वारीचं पीठ आणून ठेवलं आणि माझ्यापुरती एक भाकर थापायला लागल्या. भाकर थापणं त्यांना मुळीच येत नसे. कडेनं फाटलेली, मधे जाड, एका बाजूनं कच्ची. लटारी म्हणायचा, "पुंडलिकाच्या चाकाचं पंक्चर आलं पाह्य." वहिनी हसायच्या, पण रोज थापायच्या, आणि इतक्या वर्षांत त्यांची भाकर काही सुधारली नाही. मीही ती कधी टाकली नाही.

मग सरकारनं नवे पैसे काढले. बाजारात सगळ्यांचे हिशेब चुकायला लागले, रोज भांडणं. आमच्या भोकाच्या पैशाला कोणी विचारेना. मी म्हटलं, "लटारी, आता बदलू." तो म्हणाला, "सरकारनं बंद केला. आपुन कुठी केला?" आणि लाल दोरा विटला होता तो काढून नवीन ओवला.

या दिवाळीनंतर तो आणि वहिनी मंडईला गावी निघाले. आमच्या इकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, होते. झाडीतला, म्हणजे या जंगलपट्टीतला माणूस कुठंही असला तरी मंडईला घरी जातो. सकाळी तो सायकल घेऊन आला. "हवा भर. आन् हे जनावर तुयापाशीच राहू दे, हॉटेलात उंदरं टायर खातेत." मी हवा भरली. त्यानं पैसा दिला. मी सवयीनं रस्ता ओलांडायला निघालो तर म्हणाला, "चूल इझवली न गा. चाय आल्यावर." मोटारीत बसल्यावर खिडकीतून हात काढून पुन्हा म्हणाला, "चाय राह्यली तुयी." म्हणजे त्याच्या बाजूची बोहनी त्या दिवशी झालीच नाही आणि पैसा माझ्याकडंच राहिला.

बातमी आल्यापासून मी दुकान रोज उघडतो. न उघडून करणार काय? कोणीतरी येतं, पहिलं गिऱ्हाईक होतं, पण त्याला बोहनी म्हणावं की नाही ते मला कळत नाही. जेवण मी आता गुजरी बाजाराजवळच्या खानावळीत घेतो. तिथली भाकर गोल असते, पातळ असते, चांगली असते. मी अर्धी टाकून उठतो. बायको गेली तेव्हा मी गाव सोडून पळालो. आता या वयात कुठं पळणार? एकटं वाटतं. समोरच्या बंद दाराकडं पाहायचं नाही असं रोज ठरवतो आणि दिवसभर तिकडंच पाहतो.

महिनाभरानं पार्वतावहिनी आल्या, सोबत त्यांचा भाऊ. माझ्या बाकड्यावर बसल्या. त्यांचा भाऊ हॉटेलचं कुलूप काढायला गेला तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, नागपूरचा एक कापडवाला आमची जागा मागून राह्यला. भाऊ म्हणते, देऊन टाक आन् आरमोरीले चल. माय आहे तिथी, म्हातारी झाली. तुमी सांगा. हॉटेल चालवू का जाऊ? तुमी म्हनान तसं करीन."

त्या म्हणाल्या, मी सांगेन तसं. आणि माझ्याकडं उत्तर तयार होतं. रोज बाकड्यावर बसून मी सगळा बेत करून ठेवला होता. हॉटेल सुरू करायचं. वडे तर वहिनीच करायच्या, चहाला एक माणूस ठेवायचा, लाकडं मी आणायची, बाजारच्या दिवशी मी स्वतः गल्ल्यावर बसायचं. समोरचं दार उघडं राहील. सकाळी धूर दिसेल. सगळं जमण्यासारखं होतं. फक्त त्या बेतात वहिनींच्या सोयीचं काहीच नव्हतं, सगळं माझ्याच सोयीचं होतं. दिवसभर परक्या माणसांचे कप विसळून त्या मागच्या खोलीत एकट्या झोपल्या असत्या, आणि रस्त्याच्या अलीकडं मी एकटा. तिकडं त्यांची माय होती, तळं होतं, भावाची पोरं होती. मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. बांगड्या नव्हत्या.

"जा वहिनी," मी म्हटलं. "आईजवळ जा."

"आन् तुमी?"

"माझं काय? माझं दुकान चालू आहे की."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. नंतर म्हणाल्या, "मले वाटलं होतं तुमी राहा म्हनान." मी चाकाचे आरे मोजल्यासारखं करत राहिलो.

सामान हलवायचा दिवस ठरला. मोठे गंज, म्हणजे पातेली, कढई, किटल्या, सगळं बाहेर निघालं. खुर्च्या कापडवाल्यानं ठेवून घेतल्या. मी लाल दोऱ्याचा पैसा खिशात घातला आणि रस्ता ओलांडला. "वहिनी, माझी एक चाय राहिली आहे." त्यांना काही विचारावं लागलं नाही. भावाला थांबायला सांगून त्यांनी चूल पेटवली, मी पाहून ठेवलेल्याच लाकडांनी. दूध नव्हतं. गूळ घालून काळा चहा केला आणि कप माझ्यापुढं ठेवला. मी बाकड्यावर बसून सावकाश प्यायलो. मग पैसा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला, मग कपाळाला लावला. म्हणाल्या, "आरमोरीच्या बाजारात वडे विकीन म्हनते. पयल्या दिवशी हाच ठेवीन." मी म्हटलं, ठेवा. सायकलचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थे तुमच्यापाशी ठेवून गेले न. राहू द्या." आणि निघताना एक डबा माझ्या हातात दिला. ज्वारीच्या पिठाचा. "आमच्याइथी हे कोणीच नाई खात."

संक्रांतीला कापडाचं दुकान उघडलं. मालक सभ्य माणूस आहे, मला नमस्कार करतो, त्याच्याकडं रेडिओ आहे. पिठाला भुंगे लागू नयेत म्हणून मी डब्यात कडुनिंबाची पानं घातली आहेत. लटारीची सायकल माझ्या दुकानात डाव्या भिंतीला उभी असते. ती तेव्हाही कोणी चालवत नव्हतं, आताही कोणी चालवत नाही. पण उभ्या सायकलचीही हवा उतरते. सकाळी दार उघडलं, की कोणी यायच्या आत मी ती बाहेर घेतो, घंटी पुसतो, पंप लावतो. चाक अगदी टणक असेल तर थोडी काढतो आणि तेवढीच भरतो. मग हात धुतो, बंडीला पुसतो आणि रस्त्याच्या कडेशी येऊन उभा राहतो. चहा कुठं प्यायचा ते अजून ठरलेलं नाही.